बंद पडलेला क्रिकेट क्लब परत सुरू करायचाय? मॅच सगळ्यात शेवटी लावा

कोरोनात बंद पडलेल्या मैदानावर परत खेळायची परवानगी मिळाली असा मेसेज ग्रुपवर पडला की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, मग रविवारी मॅच लावूया का? लगेच खाली अंगठ्यांची रांग. आणि हे सगळं गप्प वाचत बसलेला एक माणूस असतो, सेक्रेटरी म्हणा किंवा कमिटीत नुकताच ओढलेला कुणीतरी, त्याला एकट्यालाच माहीत असतं की रोलर चालू होत नाहीये, विम्याचा हप्ता राहिलाय, आणि आपला सगळ्यात फास्ट बॉलर कोरोना आल्यापासून खुर्चीत बसून काम करतोय. हा लेख त्या माणसासाठी आहे.

आमचा क्लब बराच काळ कुलपात होता आणि तो उघडायच्या कामात मी पहिल्यापासून होतो, त्यामुळे जे काही लिहितोय ते करून बघितलेलं आहे. तुमच्याकडे निर्बंध पूर्ण उठलेले असोत किंवा परत कधी लागोत, त्याने फार फरक पडत नाही. विषाणूचे नियम पाळणं त्यातल्या त्यात सोपं असतं, ते कुणीतरी लिहून दिलेले असतात. पण बंद काळात मैदानाचं, सामानाचं आणि माणसांच्या शरीराचं काय झालं ते कुणी लिहून देत नाही, आणि दुखापती, भांडणं, अचानक येणारे खर्च हे सगळं तिथूनच बाहेर पडतं. ठरवल्यापासून पहिल्या मॅचपर्यंत सहा ते आठ आठवडे हातात ठेवा. कमी वेळात होईल असं म्हणणारे बहुतेक फक्त बॅटिंग करणारे असतात.

१. नियम नक्की कुणाचे ते आधी बघा

सरकारचे किंवा स्थानिक प्रशासनाचे नियम वेगळे, मैदान ज्यांच्या मालकीचं आहे त्यांचे वेगळे आणि तुम्ही ज्या संघटनेला जोडलेले आहात तिचे अजून वेगळे. तिन्ही समोर ठेवून वाचायचे आणि ज्या बाबतीत जो सगळ्यात कडक असेल तो धरायचा. मैदान शाळेचं किंवा कंपनीचं असेल तर वरून कितीही मोकळीक मिळालेली असू दे, मालकाने बाहेरच्यांना बंदी केली असेल तर गेटवरचा माणूस आत सोडत नाही आणि त्याच्याशी वाद घालूनही काही उपयोग नसतो.

यातला नेहमीचा सापळा म्हणजे "खेळ सुरू" हे दोन शब्द. सराव, मॅच, प्रेक्षक, ड्रेसिंग रूमचा वापर आणि इनडोअर नेट या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच दिवशी उघडतील असं नाही. इंग्लंडचंच बघा, तिथे २०२० च्या मे महिन्यात उघड्यावर मोजक्या सरावाला वाट मिळाली, पण क्लबच्या मॅच सुरू व्हायला ११ जुलै उजाडला. मधल्या काळात तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी पार्लमेंटमध्ये बॉललाच रोगाचा वाहक ठरवून टाकलं होतं आणि पुढच्या दहाबारा दिवसांत निर्णय उलटा झाला. सांगायचा मुद्दा असा की नियम आठवड्याला बदलू शकतात, त्यामुळे मूळ आदेश तारखेसकट डाउनलोड करून ठेवा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा स्क्रीनशॉट हा आदेश नसतो, त्यात अर्ध्या वेळा तारीखच कापलेली असते.

२. एक माणूस नेमा, आणि तो कॅप्टन नको

सुरू करायच्या सगळ्या कामावर एकच नाव हवं, त्याला समन्वयक म्हणा किंवा काहीही म्हणा. कॅप्टनला हे देऊ नका कारण त्याला अकरा जण हवे असतात, आणि "तुला ताप होता तर आज बसायचं" हे वाक्य अकरा जण जमवणाऱ्याच्या तोंडातून निघत नाही. कधी कधी रिटायर झालेला जुना अंपायर किंवा स्कोअरर या कामाला फार चांगला पडतो, लोक त्याचं ऐकतात. त्याच्या हाताखाली एक बदली माणूस ठेवा, नाहीतर तो एक दिवस गावाला गेला की सगळं ठप्प.

या माणसाला एक अधिकार लेखी द्या, तो म्हणजे कुणालाही न विचारता त्या दिवसाचा सराव किंवा मॅच रद्द करायचा. हा कमिटीच्या ठरावात असू दे, नंतर कुणी तोंड वर करून विचारायला नको.

३. कागदपत्रं गोळा करा

हे कंटाळवाणं काम आहे पण एका संध्याकाळचं आहे. एका फाइलमध्ये पुढचं सगळं हवं:

- मैदान वापराचा करार किंवा भाडेपत्र, आणि त्याची मुदत कधी संपते ते
- प्रशासनाचा आदेश आणि मैदान मालकाची लेखी परवानगी
- विम्याची पॉलिसी आणि शेवटचा हप्ता भरल्याची पावती
- संघटनेच्या नोंदणीचं चालू वर्षाचं नूतनीकरण
- सभासदांची ताजी यादी, प्रत्येकाच्या घरच्या एका माणसाच्या फोन नंबरसह
- अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं संमतीपत्र, नव्याने सही घेतलेलं
- बँक खात्यावर सही करायचा अधिकार कुणाकुणाला आहे त्याचा ठराव
- जवळचं हॉस्पिटल, अँब्युलन्स आणि डॉक्टरचे नंबर, मोठ्या अक्षरात

विम्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो कारण इथे क्लब फसतात. हप्ता भरलेला असला तरी जागा सलग ठराविक काळाच्या वर रिकामी असेल तर काही पॉलिसींमध्ये चोरी, आग किंवा पाइप फुटल्याचं संरक्षण कमी होतं किंवा जातं. पॉलिसीतला बारीक मजकूर वाचा, नाही समजला तर विमा कंपनीला ईमेल करून उत्तर लेखी घ्या. आणि बँकेतला सह्यांचा विषयही हलक्यात नका घेऊ, जुना खजिनदार शहर सोडून गेलेला असतो आणि पैसे खात्यात असूनही गवत कापणाऱ्याचे द्यायला काढता येत नाहीत, असं बऱ्याच ठिकाणी होतं.

४. माणसं मोजा, फोन करून

ग्रुपवर पोल टाकू नका. पोलमध्ये सगळे "येणार" दाबतात, मैदानावर निम्मे येतात. यादी चारपाच जणांत वाटून घ्या आणि प्रत्येकाला फोन करा. विचारायचं एवढंच की अजून खेळायचंय का, कधीपासून जमेल, घरी वयस्कर किंवा आजारी कुणी आहे का ज्यामुळे काळजी वाटते, आणि वर्गणीची काही अडचण आहे का. चौथा प्रश्न तोंडावर विचारायला अवघड वाटतो पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. कोरोनाच्या काळात लोकांच्या नोकऱ्या गेल्या, धंदे बसले, आणि माणूस पैशांसाठी क्लब सोडतोय असं कधीच सांगत नाही, तो फक्त फोन उचलायचा बंद होतो.

काहींच्या घरी माणूस गेलेला असेल. तिथे फोन यादीप्रमाणे कुणीही करू नये, ज्याची जवळीक आहे त्यानेच करावा आणि क्रिकेटचा विषय समोरून निघाला तरच काढावा.

कोण आजारी होतं, कुणी लस घेतली, कुणी नाही, हे असलं काही ग्रुपवर विचारायचं नाही. ज्याला सांगायचंय तो समन्वयकाला सांगेल आणि ते तिथेच राहील. आणि पहिला फोन कुणाला करायचा सांगू? मैदान बघणाऱ्या माणसाला. कमिटीतले सगळे परत येतील, पण तो दुसरं काम धरून गेला असेल तर पुढची पायरी तुम्हाला सुरूच करता येणार नाही.

मुलींची टीम आणि ज्युनियर टीम "नंतर बघू" च्या यादीत जाते, हे मी बऱ्याच क्लबांत पाहिलंय. नेटच्या वेळा वाटताना त्यांची वेळ पहिल्या आठवड्यापासून लावा, कारण सीनियर खेळाडू कसेही परत येतात, चौदा वर्षांचं पोर दुसऱ्या खेळाकडे वळलं की वळलं.

५. मैदान, खेळपट्टी आणि कुलपाच्या आतलं सगळं

हे सगळ्यात मोठं काम, आणि पैसेही इथेच जातात.

मशीन आणायच्या आधी चारपाच जणांनी रांगेत चालत आख्खं आउटफिल्ड, म्हणजे खेळपट्टीभोवतीचं मैदान, पायाखालून घाला. काचा, दगड, खड्डे, प्राण्यांची बिळं, तुटलेली पाइपची तोंडं, सगळ्याला खुणेची काठी रोवा. वाढलेल्या गवतात लपलेला एक दगड मशीनचं पातं खराब करतो, आणि लपलेल्या खड्ड्यात धावत्या फील्डरचा घोटा जातो. गवत गुडघ्याएवढं वाढलं असेल तर एका दिवसात खाली आणायचा मोह टाळा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापलं की गवत पिवळं पडतं आणि परत धरायला फार वेळ घेतं. दोनतीन टप्प्यांत उतरवा, कापलेलं गवत उचलून न्या, तसंच पडू दिलं तर खालचं कुजतं.

खेळपट्टीवर आधी तण मुळासकट काढायचं. मग भेगा बघायच्या, मोठ्या असतील तर त्याच जातीची माती बारीक करून भरायची, दुसरीकडची माती आणून टाकू नका, दोन माती वेगवेगळ्या सुकतात आणि जोड उघडा पडतो. त्यानंतर पाणी आणि रोलिंग. लोक इथे घाई करतात आणि पहिल्याच दिवशी जड रोलर चढवतात. जमीन इतके महिने मोकळी, सैल झालेली असते, हलक्या रोलरने सुरू करून हळूहळू वजन वाढवायचं. ओल बघायची साधी पद्धत म्हणजे अंगठा दाबा, खळगा पडायला हवा पण माती अंगठ्याला चिकटता कामा नये. चिकटली तर थांबा, रोलर माती उचलून घेईल आणि पृष्ठभाग लाटांसारखा होईल. खळगाच पडत नसेल तर रोलिंग करून फक्त डिझेल जाळाल, आधी पाणी मारा आणि मुरू द्या.

रेषा जुन्या अंदाजाने ओढू नका, टेप घेऊन मोजा. स्टंप ते स्टंप २०.१२ मीटर, स्टंप ज्या रेषेवर असतात ती बॉलिंग क्रीज २.६४ मीटर लांब, बॅटर जिच्यामागे असतो ती पॉपिंग क्रीज तिच्यापुढे १.२२ मीटरवर. नव्याने रोवलेल्या स्टंपची उंची ७१.१ सेंटीमीटर भरते का तेही बघून घ्या, पाऊस खाल्लेले जुने स्टंप टोकाला झिजलेले असतात.

मॅटिंग किंवा कृत्रिम विकेट असेल तर काम कमी पण सापळे वेगळे. गुंडाळून ठेवलेलं मॅट उलगडलं की बुरशी आणि कुरतडलेल्या कडा दिसतात. नीट ताणून, खिळे पूर्ण आत बसवून घ्या, आणि चालत जाऊन पायाने तपासा की गुड लेंथच्या, म्हणजे बॉल जास्त करून जिथे टप्पा घेतो त्या, पट्ट्यात कुठे फुगवटा किंवा जोड वर आलेला नाही ना. तिथून उडालेला बॉल थेट हनुवटीवर येतो. खालच्या काँक्रीटला तडा गेला असेल तर तो मॅटने झाकून खेळायचा विचारसुद्धा नको.

नेटच्या जाळ्या उन्हापावसात कुजतात, दिसायला चांगल्या दिसतात. दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा, तुटली तर बरंच झालं, शेजारच्या नेटमधल्या माणसाला लागण्यापेक्षा तुमच्या हातात तुटली. खांब बुडाशी गंजलेत का, वरची दोरी सैल आहे का, साइटस्क्रीनची (बॉलरच्या मागच्या मोठ्या पडद्याची) चाकं फिरतात का, हे सगळं त्याच फेरीत.

आता खोल्या. नळ बरेच महिने बंद असतील तर पाइपमध्ये साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जीवाणू वाढू शकतात, आणि ते शॉवरच्या तुषारांतून श्वासात जातात. टाकी रिकामी करून घासून घ्या, सगळे नळ बराच वेळ सोडून ठेवा, शॉवरचं तोंड काढून साफ करा, आणि हे करताना दारं-खिडक्या उघड्या ठेवून तोंडाला मास्क लावा. वीज चालू करायच्या आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा, उंदरांनी वायरी सोलल्या असतात. रोलर आणि गवत कापायच्या मशीनमधलं जुनं इंधन काढून टाका, बॅटरी बघा, तेल बदला. फर्स्ट एडच्या पेटीतलं जवळजवळ सगळंच एक्स्पायर झालेलं निघेल, नवीनच भरा.

६. किट उघडा, फेका, धुवा

किटची बॅग उघडायचं काम घराबाहेर करा, वास सांगण्यापलीकडचा असतो.

हेल्मेटवर जास्त वेळ द्या. आतला फोम दाबून बघा, चुरा होत असेल तर ते गेलं. जाळीचे स्क्रू गंजलेत का आणि जाळी वरखाली सरकलीय का ते बघा, टोपीची कड आणि जाळी यांच्यामधून बॉल आत शिरता कामा नये, प्रत्यक्ष बॉल लावून तपासा. ज्याला आधी जोरात बॉल लागलाय ते हेल्मेट बाहेरून अखंड दिसलं तरी बदला. नवीन घेताना बीएस ७९२८:२०१३ हे हेल्मेटचं ब्रिटिश मानक लिहिलेलं आहे का बघा. बजेटमध्ये एकच मोठी खरेदी बसत असेल तर ती हेल्मेटची करा, नवीन जर्सी पुढच्या वर्षी आल्या तरी चालतंय.

बॅटी सुकून त्यांना बारीक चिरा गेलेल्या असतात. कच्चं जवसाचं तेल अगदी हलक्या हाताने फक्त उघड्या लाकडावर, स्टिकर आणि हँडलचा जोड सोडून, आणि मग आडवी ठेवून सुकू द्या. वर प्लास्टिकची शीट असेल तर त्या भागाला तेलाची गरज नाही. पहिल्या दिवशी नवा कडक बॉल घेऊन उतरू नका, जुन्या बॉलने थोडा वेळ ठोकून घ्या.

धुण्याबद्दल सांगायचं तर साबणाचं पाणी आणि सावलीत वाळवणं पुरतं. सॅनिटायझरचे ड्रम भरून चामड्याच्या बॉलवर आणि हेल्मेटवर फवारायचं एक खूळ सुरुवातीला आलं होतं, त्याने चामडं कडक होतं आणि पैसे जातात. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो हे आता सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे हात धुवायची सोय ठेवा, पण खरा भर उघड्यावर राहण्यावर आणि बंद खोलीत गर्दी न करण्यावर द्या. ग्लोव्ह्ज, हेल्मेट आणि गार्ड ज्याचं त्याचं. गार्डच्या बाबतीत हे कोरोना नसतानाही लागू होतं, पण असो.

७. बॉलर लोकांना आवरा

या लेखातलं एकच काही वाचायचं असेल तर हे वाचा.

आयसीसीने २२ मे २०२० ला खेळ परत सुरू करायच्या सूचना काढल्या, त्यात बॉलरच्या तयारीला किती वेळ द्यावा ते दिलेलं होतं: टी-ट्वेंटीसाठी ५ ते ६ आठवडे, वनडेसाठी किमान ६, आणि टेस्टसाठी ८ ते १२. हे आकडे ज्यांचा दिवसभर व्यायामच असतो अशा खेळाडूंसाठी होते. आपल्याकडे आठवडाभर ऑफिस आणि शनिवारी एकदम पळापळ. मग आपण कमी वेळात कसे तयार होणार?

कारण साधं आहे. दम दोनतीन आठवड्यांत परत येतो, स्नायू त्याच्या मागोमाग येतात, पण हाडाला ताण सोसायची सवय लागायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात बॉलरला वाटतं आपण एकदम फिट, तो जोर लावतो, आणि कमरेच्या मणक्यातलं हाड मात्र अजून तयार नसतं. फास्ट बॉलरच्या कमरेचं स्ट्रेस फ्रॅक्चर (ताणाने हाडाला जाणारी बारीक चीर) म्हणतात ते असं होतं, आणि एकदा झालं की सीझन गेला.

आम्ही जे लावलं ते असं. पहिले दोन आठवडे अर्धा रनअप, आठवड्यात तीन वेळा, मध्ये एक दिवस सुट्टी, एका वेळी २४ बॉल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पूर्ण रनअप पण जोर साधारण पाऊण, ३० ते ३६ बॉल. पाचव्या आठवड्यापासून पूर्ण जोर, आणि मध्ये विश्रांती घेऊन दोन छोटे स्पेल (एका दमात टाकलेल्या ओव्हर), म्हणजे मॅचमध्ये असतं तसं. कुठे दुखलं, विशेषतः कमरेत एका बाजूला आणि मागे वाकताना, तर बॉलिंग बंद आणि डॉक्टर. गोळी घेऊन टाकतो म्हणणाऱ्याला टाकू देऊ नका.

मोजणं हाच सगळा खेळ आहे. नेटमध्ये ओव्हर नसते, बॉलर तासभर टाकत राहतो आणि विचारलं तर म्हणतो थोडंच टाकलं. कागदावर रेघा मारायला एक मुलगा बसवा. आणि ज्युनियरसाठी इंग्लंडच्या बोर्डाच्या मर्यादा चांगल्या आहेत, आम्ही त्याच वापरतो: फास्ट बॉलर १३ वर्षांखालचा असेल तर एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० ओव्हर, १४ आणि १५ वर्षांखालच्या गटांना ६ आणि १२, त्यापुढे १९ वर्षांखालपर्यंत ७ आणि १८. या वरच्या मर्यादा आहेत, इतक्या ओव्हर टाकायलाच पाहिजेत असं नाही. पालक बाउंड्रीवरून अजून एक ओव्हर म्हणून ओरडतील, ओरडू द्या.

बाकीच्यांचं थोडक्यात. फील्डरांचा खांदा जातो, म्हणून पहिले दोन आठवडे बाउंड्रीवरून थ्रो नाही, जवळून आणि अंडरआर्म. कॅच आधी मऊ बॉलने, नाहीतर बोटं मोडतात. बॅटरना नजर बसायला वेळ लागतो, थ्रोडाउनने, म्हणजे जवळून हाताने फेकलेल्या बॉलने, सुरू करा, पहिल्याच दिवशी बॉलिंग मशीन फास्टवर लावू नका. विकेटकीपरने गुडघ्यांचा व्यायाम घरी आधीपासून सुरू करायला हवा.

ज्याला कोरोना होऊन गेलाय त्याने लक्षणं पूर्ण जाऊन, रोजची कामं न थकता जमायला लागल्यावर चालण्यापासून सुरुवात करायची, मग हलकं पळणं, मग नेट. मध्येच छातीत दुखलं, धडधडलं, नेहमीपेक्षा जास्त दम लागला किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टरांकडे जायचं, कारण या आजारात काहींच्या हृदयाच्या स्नायूंना सूज येते आणि त्या अवस्थेत जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. "आता बरा आहे" हे ऐकून टीममध्ये घेऊ नका.

८. नेटच्या वेळा लावा

एका नेटला सहा जण, ठरलेली वेळ, ठरलेला गट. तोच गट दर वेळी एकत्र ठेवला तर कुणी आजारी पडलं की कुणाकुणाला कळवायचं ते लगेच समजतं, आणि बॉलर-बॅटरचं प्रमाणही जुळतं. प्रत्येक बॉलरचा बॉल वेगळा, मार्करने खूण करून. कपडे घरून घालून यायचे, बॅगा बाउंड्रीच्या कडेने लांब लांब. आलेल्यांची नावं आणि वेळ समन्वयकाच्या वहीत. इंग्लंडमध्ये अशा नोंदी २१ दिवस ठेवायला सांगितल्या होत्या, तेवढं पुरे, नंतर फाडून टाका. वही गेटवर लटकवून ठेवू नका, लोकांचे नंबर त्यात असतात.

इनडोअर नेट असेल तर दारं-खिडक्या सताड उघड्या, आणि निम्मेच लोक.

९. लाळेची सवय मोडा आणि बदललेले नियम वाचा

लोकांची अशी समजूत आहे की कोरोना संपला की बॉलला परत थुंकी लावता येईल. नाही येणार. आयसीसीने जून २०२० मध्ये बंदी घातली ती तात्पुरती होती, दोनदा ताकीद आणि मग पाच पेनल्टी रन. पण १ ऑक्टोबर २०२२ पासून क्रिकेटचे कायदे लिहिणाऱ्या एमसीसी या क्लबच्या कायद्यातच ती कायमची आली, लाळ लावणं आता बॉलची अवस्था गैरमार्गाने बदलण्यात मोजलं जातं. घाम चालतो. तेव्हा नेटमध्येच सवय मोडायला घ्या, हात तोंडाकडे गेला की आजूबाजूच्यांनी ओरडायचं, दुसरा उपाय नाही. बॉल चमकवायचं काम एकदोघांकडेच द्या.

त्याच तारखेपासून अजून दोन बदल झालेत ज्यांवरून पहिल्या मॅचला हमखास वाद होतो. कॅच आउट झाल्यावर बॅटरनी एकमेकांना ओलांडलं असलं तरी आता नवा बॅटरच स्ट्राइकवर येतो, ओव्हर संपली असेल तर गोष्ट वेगळी. आणि नॉन-स्ट्राइकरला बॉलरने रनआउट करणं हे आता "अनफेअर प्ले" च्या कलमातून काढून साध्या रनआउटच्या कलमात टाकलंय. इतका काळ न खेळलेल्या लोकांना हे माहीत नसतं, अंपायरला आधीच सांगून ठेवा की टॉसच्या वेळी दोन्ही कॅप्टनना सांग.

१०. आता मॅच

पहिली मॅच आपापसात. बाहेरची टीम आली की इगो येतो, आणि पाचव्या आठवड्यातला बॉलर सातव्या ओव्हरला बॉल मागतो. १५ ओव्हरची ठेवा, कुणालाही तीनपेक्षा जास्त ओव्हर नाही, बॅटरने पंचवीस रन केले की रिटायर, म्हणजे सगळ्यांना बॅट मिळते आणि कुणाच्या पायात गोळा येत नाही. दोन्ही डावांच्या आधी वॉर्मअप सक्तीचा. फील्डिंग करून बसलेला माणूस तासाभराने थंड शरीराने ओपनिंगला जातो आणि पहिल्याच रनला मांडीचा स्नायू धरतो, एवढं टाळलं म्हणजे झालं.

निर्बंध परत कधी लागले तर इंग्लंडच्या बोर्डाने २०२० मध्ये क्लब मॅचसाठी ठेवलेली पद्धत वापरता येते, दर सहा ओव्हरनी किंवा वीस मिनिटांनी थांबून हात आणि बॉल पुसायचा. अंपायरकडे टोपी, स्वेटर द्यायचे नाहीत. स्कोअरर दोन असतील तर टेबल बाहेर मोकळ्यावर लावा, बंद खोलीत एकमेकांना चिकटून बसवू नका.

मॅचनंतर कुणाची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर काय करायचं ते आधी लिहून ठेवा. कुणाला कळवायचं, कोण कळवणार, किती दिवस कोण खेळणार नाही, पुढची मॅच रद्द कधी होणार. त्या माणसाचं नाव ग्रुपवर टाकायचं नाही, फक्त "शनिवारच्या मॅचला असलेल्यांनी लक्ष ठेवा" एवढं. बाहेरच्या टीमबरोबरची मॅच आपापसातल्या पहिल्या मॅचनंतर दोन आठवड्यांनी घ्या, आणि त्यांच्याशी हेच सगळं फोनवर आधी बोलून घ्या.

पहिल्या मॅचच्या आदल्या रात्री ग्रुपवर टाकायचा मेसेज खाली देतोय, नावं-वेळा बदलून वापरा:

"उद्या सकाळी सात वाजता मैदानावर. ताप, खोकला, घसा किंवा घरात कुणी आजारी असेल तर येऊ नका, आज रात्रीच समन्वयकांना फोन करा, टीममधली जागा जाणार नाही. स्वतःचं हेल्मेट, ग्लोव्ह्ज, गार्ड आणि पाण्याची बाटली आणा, मागून मिळणार नाही. कपडे घालूनच या. बॉलरना तीन ओव्हर, कॅप्टनशी वाद घालायचा नाही. बॉलला थुंकी नाही. रेषा आणि दोरी लावायला सहा वाजता चार जण हवेत, नावं खाली लिहा."

शेवटच्या ओळीला नावं लवकर येत नाहीत. दहा मिनिटं वाट बघा आणि मग चौघांना सरळ फोन लावा.